पवनचक्कीचं पातं ‘भारतातच बनवा’ असा नियम आला. पण ते बनतं कसं, आणि करमाडच्या पट्ट्याला त्यात काय मिळणार?

धुळे-सोलापूर महामार्गावर हे दृश्य आता नवीन राहिलेलं नाही. बीड, धाराशिवच्या दिशेने रांगत निघालेला लांबलचक ट्रेलर, त्यावर आडवं टाकलेलं पांढरं पातं, वळणावर ट्रॅफिक अडवणारी माणसं आणि रस्त्याकडेला रील काढणारी पोरं. रीलखालच्या कमेंटही ठरलेल्या: ‘एवढं मोठं प्लास्टिक?’, ‘आतून पोकळ असतं भाऊ’, ‘चायनाचा माल दिसतोय’.

या तिन्ही कमेंटमध्ये थोडं थोडं तथ्य आहे. तिसऱ्या कमेंटवर तर केंद्र सरकारने थेट नियमच काढलाय. ३१ जुलै २०२५ ला नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने पवन टर्बाइनसाठीची मान्यताप्राप्त यादी बदलली. आधी फक्त अख्खं टर्बाइन मॉडेल यादीत असावं लागायचं. आता पातं, टॉवर, जनरेटर, गिअरबॉक्स आणि खास बेअरिंग हे पाच भागसुद्धा मान्यताप्राप्त उत्पादकांच्या यादीतूनच घ्यावे लागतील. आधीच ठरलेल्या काही प्रकल्पांना सूट आहे. त्याशिवाय टर्बाइनचा डेटा भारतात ठेवायचा, नियंत्रण भारतातून करायचं, संशोधन केंद्रही भारतात हवं, अशा अटी आहेत.

सोलर पॅनेलला अशीच यादी लागली, तेव्हा देशात मॉड्युलचे कारखाने धडाधड उभे राहिले. मग साहजिकच प्रश्न येतो की पात्यांचंही तसंच होईल का? शेंद्रा-करमाड पट्ट्यात ऑरिक सिटीचे आखीव प्लॉट आहेत, जालना रोड आहे, रेल्वे आहे, आयटीआय आणि डिप्लोमा झालेली पोरं आहेत. मग पात्याचा कारखाना इथे का नको?

उत्तर द्यायचं तर आधी पातं समजून घ्यावं लागेल. पवनचक्कीत सगळ्यात साधी दिसणारी वस्तू तीच, आणि सगळ्यात फसवीही तीच.

वारा कमी, म्हणून पातं लांब

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट. सेकंदाला ६ मीटरच्या जागी ७ मीटर वारा असला, तर हाताशी येणारी ऊर्जा थेट ५९ टक्क्यांनी जास्त. म्हणून पहिल्या पवनचक्क्या गेल्या त्या पठारांवर आणि डोंगरमाथ्यांवर: साताऱ्याचं वनकुसवडे आणि चाळकेवाडी, धुळ्याचं ब्राह्मणवेल, पारनेर तालुक्यातला कवड्या डोंगर.

त्या उत्तम जागा भरल्या. उरल्या त्या मध्यम वाऱ्याच्या जागा, आणि मराठवाड्याचा बराच भाग त्यात मोडतो. वारा आपल्या हातात नाही. हवेची घनताही नाही. उलट ती आपल्याकडे कमीच. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे. इथे ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवा जेमतेम १.०९ किलो भरते. पुस्तकातला प्रमाण आकडा १.२२५ आहे. म्हणजे तोच वेग असूनही ऊर्जा ११ टक्क्यांनी कमी.

आता आपल्या हातात एकच गोष्ट उरते, पात्यांनी झाडलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ. ते त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. पातं दुप्पट केलं की क्षेत्रफळ चौपट.

हा बदल आकड्यांत बघा. २००० च्या सुमारास वनकुसवडे पठारावर पुण्याच्या सुझलॉनची जी टर्बाइन लागली, ती ३५० किलोवॅटची होती आणि तिच्या चक्राचा व्यास साधारण ३३ मीटर होता. याच कंपनीचं आत्ताचं एस-१४४ हे मॉडेल ३.१५ मेगावॅटचं आहे आणि व्यास १४४ मीटर. क्षमता वाढली ९ पट, क्षेत्रफळ मात्र १९ पट. म्हणजे जुन्या टर्बाइनमध्ये दर चौरस मीटरमागे साधारण ४०० वॅटचा जनरेटर होता, नव्यात तो २०० वॅटच्याही आत आहे.

जनरेटरच्या मानाने चक्र मुद्दाम मोठं ठेवलंय. वारा मंद असला तरी टर्बाइन वर्षातले जास्त तास भरपूर वीज देते. एक मर्यादा मात्र कुणालाच ओलांडता येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं की वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जाच काढता येते. सगळीच काढली तर पात्यामागे हवा थांबून जाईल आणि नवीन हवा आत शिरणारच नाही.

पातं पिळलेलं का असतं?

बरेच जण समजतात की वारा पात्याला ढकलतो आणि ते फिरतं. तसं नाही. पातं विमानाच्या पंखासारखं काम करतं. हवा पात्याच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या दाबाने वाहते, त्यातून उचल तयार होते आणि ती पात्याला पुढे ओढते.

अमेरिकेतल्या एनआरईएल प्रयोगशाळेने २००९ मध्ये ५ मेगावॅटचं एक संदर्भ टर्बाइन कागदावर डिझाइन करून सगळ्यांसाठी खुलं केलं. जगभरचे विद्यार्थी आणि संशोधक आजही त्यावर गणितं करतात. त्याचं पातं ६१.५ मीटर लांब, चक्राची त्रिज्या ६३ मीटर आणि कमाल वेग मिनिटाला १२.१ फेऱ्या.

मिनिटाला १२ फेऱ्या म्हणजे लांबून बघताना अगदी संथ. पण टोकाचा वेग काढा: सेकंदाला ८० मीटर, म्हणजे ताशी जवळपास २९० किलोमीटर. मध्यापासून २१ मीटरवर मात्र हाच वेग सेकंदाला २७ मीटर.

पात्याला ‘दिसणारा’ वारा हा खरा वारा आणि स्वतःच्या फिरण्याचा वारा यांची बेरीज असतो. चक्राशी पोचेपर्यंत समजा वारा सेकंदाला साडेसात मीटर उरला. टोकाला तो पात्याच्या फिरण्याच्या दिशेशी साधारण ५ अंशांनी येतो, २१ मीटरवर जवळपास १६ अंशांनी. एकच पातं, पण दोन ठिकाणी वारा वेगळ्या कोनातून. प्रत्येक ठिकाणी योग्य कोन मिळायचा तर पातं लांबीभर पिळावं लागतं. या संदर्भ पात्यात बुडाशी १३ अंशांचा पीळ आहे, टोकाशी शून्य. तुम्ही सीलिंग फॅन पुसताना हाताला जो पीळ लागतो, त्याचं हे मोठं, मोजूनमापून केलेलं रूप.

आणखी एक साधं गणित. पात्याचा बाहेरचा एक-तृतीयांश भाग वर्तुळाचं ५६ टक्के क्षेत्रफळ झाडतो. म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई टोकाकडची. बुडाचा भाग वीज फारशी देत नाही, तो भार पेलतो. म्हणून टोक पातळ आणि धारदार, बूड मात्र चक्क गोल पाइप. वायुगतिकी आणि बांधणी यांच्यातलं भांडण इथूनच सुरू होतं. वाऱ्याचं गणित म्हणतं पातं पातळ करा, वजनाचं गणित म्हणतं जाड करा. डिझायनरचं काम म्हणजे या दोघांत तडजोड घडवून आणणं.

‘प्लास्टिक’च्या आत काय आहे?

पातं लोखंडाचं का नाही? एकास एक वजन घेऊन ताठपणा मोजला तर काच-तंतूचं कॉम्पोझिट पोलादापेक्षा सरस नाही, उलट जरा कमीच भरतं. तरी ते जिंकतं, कारण वजनाच्या मानाने त्याची ताकद खूप जास्त आहे, पुन्हा पुन्हा वाकवलं तरी ते टिकतं आणि साच्यात हवा तो पिळाचा आकार घेतं. कार्बन-तंतूचं कॉम्पोझिट तर वजनाच्या मानाने पोलादाच्या तिप्पट ताठ असतं. महाग आहे, म्हणून फक्त गरजेच्या जागी वापरतात.

पातं आडवं कापलं तर आत हे दिसेल:

• कणा: वरच्या आणि खालच्या बाजूला लांबीभर जाणाऱ्या जाड पट्ट्या. यातले तंतू सगळे एकाच दिशेने, बुडापासून टोकाकडे. वाऱ्याने पातं वाकतं तेव्हा एक पट्टी ताणली जाते, दुसरी दाबली जाते. लांब पात्यांत इथेच कार्बन येतो.

• आतली भिंत: दोन पट्ट्यांना जोडणारी उभी फळी. सगळं मिळून पोलादी गर्डरसारखा आकार होतो.

• कवच: बाहेरचं कातडं. काच-तंतूचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम. खोक्याच्या पुठ्ठ्यात जसं दोन कागदांमध्ये नागमोडी कागद असतो आणि त्यामुळे तो हलका असून ताठ राहतो, तेच तत्त्व. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येतो.

• गोंद: दोन अर्धी कवचं आणि आतली भिंत ज्याने चिकटवतात ती ओळ. मोठ्या पात्यात शेकडो किलो गोंद जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

• बूड: इथे पोलादी बोल्ट कॉम्पोझिटमध्ये गाडलेले असतात. अख्ख्या पात्याचा भार या बोल्टच्या वर्तुळातून टर्बाइनमध्ये उतरतो.

बनवायची पद्धत वाचायला सोपी आहे. पात्याएवढ्याच लांब साच्यात कोरडं काचेचं कापड थरावर थर अंथरतात. वरून प्लास्टिकची चादर सील करून आतली हवा पंपाने ओढून घेतात. हवा गेली की वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला जवळपास १० टनांनी ते थर दाबतो. मग एका बाजूने राळ आत सोडली की ती कापडात मुरत जाते. नंतर गरम करून घट्ट करायची. थर अंथरायचं बरंचसं काम अजूनही माणसाच्या हाताने होतं. म्हणून या उद्योगात नोकऱ्या आहेत, आणि चुकांची शक्यताही.

दहा कोटी वेळा वाकणारी वस्तू

पातं दुप्पट लांब केलं की क्षेत्रफळ चौपट होतं, हे आपण पाहिलं. पण नुसता आकार वाढवत नेला तर वजन आठपट होतं. आणि त्या वजनाने बुडावर पडणारा वाकवणारा जोर सोळापट, कारण वजनाचा मध्यही दुप्पट लांब गेला. कमाई चौपट आणि ओझं सोळापट, असा धंदा कोण करेल? म्हणून प्रत्येक नव्या पिढीत डिझाइन हुशार करून वजन कापत जावं लागतं.

एनआरईएलच्या पात्याचं वजन १७.७ टन, वजनाचा मध्य बुडापासून साधारण २० मीटरवर. म्हणजे १९-२० छोट्या कार एका दांड्यावर २० मीटर लांब लटकवल्यासारखं. पातं डावीकडे आडवं असताना हा भार एक धार ताणतो. अर्ध्या फेरीनंतर उजवीकडे आडवं झालं की तीच धार दाबली जाते. प्रत्येक फेरीत एकदा ताण, एकदा दाब. वीस वर्षांत असे फेरे होतात दहा कोटींच्या आसपास. तारेचा तुकडा आपण पुढेमागे वाकवून दहा-बारा झटक्यांत तोडतो, ते आठवा.

हे फक्त वजनाचं झालं. जोराच्या वाऱ्यात याच पात्याचं टोक मागे, टॉवरच्या दिशेने ५ मीटरपेक्षा जास्त वाकतं. ते टॉवरला आपटलं तर सगळंच संपलं. म्हणून बरीच लांब पाती मुळातच वाऱ्याच्या दिशेने थोडी वाकडी बनवतात. ट्रेलरवर पातं वाकलेलं दिसलं तर ते खराब झालेलं नाही. वारा लागला की ते सरळ होईल असा हिशोब आहे.

मग आहेत निसर्गाचे बारीक मार. पावसात बाइक ताशी ६० ने चालवताना थेंब कसे टोचतात ते तुम्हाला माहीत आहे. पात्याच्या टोकावर तोच थेंब ताशी २९० ने आपटतो, ऊर्जा २३ पट. काही वर्षांत धार खरवडली जाते, उचल कमी होते, वीज घटते. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि मॉन्सूनपूर्व विजांचा कडकडाट. विजेसाठी पात्यात धातूची बटणं आणि आतून जमिनीपर्यंत जाणारी तार बसवतात. कार्बन स्वतः वीजवाहक असल्यामुळे तो वापरला की हे काम आणखी नाजूक होतं.

चूक झाली तर काय होतं

याचा धडा आपल्या पुण्याच्या कंपनीनेच घेतलाय. २००७-०८ मध्ये सुझलॉनच्या एस-८८ टर्बाइनच्या पात्यांना अमेरिकेत तडे जायला लागले. मार्च २००८ मध्ये कंपनीने १,२५१ पाती मजबूत करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. तीनने भागा: ४१७ टर्बाइन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इलिनॉय राज्यात एक अख्खं पातं तुटून पडलं. तेव्हा सुझलॉन जगात झपाट्याने वाढत होती. त्यानंतर कंपनी अनेक वर्षं अडचणीत राहिली. कर्ज आणि जागतिक मंदी ही मोठी कारणं होतीच, पण पात्यांनी तिच्या नावाला बसलेला धक्का छोटा नव्हता.

हे फक्त भारतीय कंपनीचं दुखणं नाही. १३ जुलै २०२४ ला अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ समुद्रात जीई व्हर्नोव्हाच्या टर्बाइनचं १०७ मीटर लांब पातं तुटलं. तुकडे वाहत किनाऱ्यावर आले, समुद्रकिनारे बंद करावे लागले. कंपनीने दिलेलं कारण: गोंद नीट बसला नव्हता, आणि कारखान्यातल्या तपासणीत ते पकडलं जायला हवं होतं. नंतर जवळपास दीडशे पाती पुन्हा तपासायला घ्यावी लागली.

इथे डिझाइन चुकलेलं नव्हतं. गोंदाची ओळ चुकली, आणि चुकलेली ओळ तपासणीतून सुटली. अशा चुका बाहेरून दिसत नाहीत. अंथरताना कापडाला पडलेली एक सुरकुती, राळ न पोचलेला कोरडा डाग, मोकळी राहिलेली सांध्याची जागा, या सगळ्यावर वरून गुळगुळीत पांढरा रंग. शोधायला अल्ट्रासाउंडची यंत्रं लागतात. आजही एक जुना उपाय म्हणजे ठोकून आवाज ऐकणं, बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो तसं.

नियम काय देतो आणि काय देत नाही

आता पुन्हा त्या यादीकडे येऊ. सोलर आणि पातं यांची तुलना इथे तुटते.

पहिला मुद्दा. सोलर मॉड्युल खोक्यात भरून देशात कुठूनही कुठेही जातं. ७० मीटरचं पातं जात नाही. प्रत्येक वळण, पूल, विजेची तार, गावातली कमान आधी मोजावी लागते. त्यामुळे पात्यांचे कारखाने वाऱ्याच्या राज्यांजवळ आणि बंदरांजवळ जातात. भारतात हा उद्योग शून्यावर नाहीच. सुझलॉनचे स्वतःचे कारखाने आहेत, एलएमसारख्या परदेशी कंपनीने वडोदरा आणि कर्नाटकातल्या डाबसपेटला कारखाने काढले.

दुसरा मुद्दा. यादीत ‘पातं’ आहे. पात्याच्या पोटातला कार्बन, बाल्सा, खास राळ यांची वेगळी सक्ती या पाच नावांत नाही. म्हणजे पातं भारतात बनलं तरी त्याची किंमत ठरवणारा काही माल बाहेरूनच येऊ शकतो.

तिसरा मुद्दा, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा. साचा इथे आणला म्हणजे डिझाइन इथे आलं असं होत नाही. कुठला थर कुठे संपवायचा, पीळ किती ठेवायचा, दहा कोटी फेऱ्यांनंतर गोंदावर किती ताण येईल, हे ज्ञान ज्याच्याकडे तो खरा मालक. भारतीय कंपन्यांनीही पात्यांचं संशोधन बराच काळ युरोपात केलं, कारण माणसं तिथे होती. नव्या नियमात संशोधन केंद्राची अट आहे हे चांगलं. पण केंद्र म्हणजे चार लॅपटॉप आणि एक पाटी, की जिथे अख्खं पातं महिनोन्महिने वाकवून तपासतात ती प्रयोगशाळा? खरी परीक्षा तिथे होईल.

आणि हा सहज नफ्याचा धंदाही नाही. पाती बनवणारी जगातली एक मोठी स्वतंत्र कंपनी, टीपीआय कॉम्पोझिट्स, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणात गेली. ऑर्डर असूनही हात पोळतात.

मग करमाडला काय?

माझं मत स्पष्ट सांगतो: शेंद्रा-करमाड पट्ट्याने अख्ख्या पात्याच्या कारखान्यामागे धावू नये. किनारा लांब आहे, आणि पात्याची पुढची पिढी आली की साचे बदलावे लागतात. पण पात्याच्या आतल्या आणि भोवतालच्या वस्तू बनवायला हा पट्टा अगदी योग्य आहे.

का ते बघा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे चार दशकांत तयार झालेलं कौशल्य ऑटोचं आहे: अचूक मशिनिंग, डाय आणि साचे, फोर्जिंग, उष्णता-प्रक्रिया, गुणवत्ता तपासणी. बुडातले बोल्ट आणि पोलादी इन्सर्ट, पात्याचा कोन बदलणारी यंत्रणा, साच्याचे सांगाडे, कण्याच्या आधीच घट्ट केलेल्या तंतू-पट्ट्या, तपासणीची जिग, हे सगळं साध्या ट्रकमध्ये मावतं आणि जालना रोडवरून निघू शकतं. यातल्या प्रत्येक वस्तूला ऑटोसारखीच शिस्त लागते: हजारातला एकही नग चुकता कामा नये.

दुसरी संधी देखभालीची. बीड, धाराशिव भागात जी टर्बाइन उभी राहतायत ती वीस-पंचवीस वर्षं फिरणार. दोरावर लटकून पात्याची धार दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, ड्रोनने फोटो काढून तडे ओळखणारे, अल्ट्रासाउंड करणारे, ही माणसं टर्बाइनपासून काही तासांच्या अंतरावर हवीत. करमाड तिथे बसतं. त्यासाठी आयटीआयमध्ये कॉम्पोझिट दुरुस्तीचा कोर्स हवा. वेल्डिंग शिकवतो तसंच थर घासणं, सांधणं, भरणं शिकवावं लागेल.

तिसरी गोष्ट जुन्या पात्यांची. राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे पातं भंगारात लोखंडासारखं विकलं जात नाही. २००० च्या सुमारास लागलेल्या टर्बाइनचं आयुष्य संपत आलंय. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्या बदलण्याचं आणि त्यांचं आयुष्य वाढवण्याचं धोरण आणलं. मग उतरलेल्या पात्यांचं काय? एक रस्ता म्हणजे तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत वापरणं: राळ जळते, काच सिमेंटमध्ये जाते. काही कंपन्यांनी पुन्हा विरघळवता येणारी राळही आणली आहे. हे काम कुणीतरी करणारच आहे. वेळेत नियोजन केलं तर उद्योग, नाही केलं तर माळावर पडलेला ढीग.

वारा गावाचा, हिशोब कुणाचा?

तंत्रज्ञान कितीही भारी असलं तरी ते जमिनीवर उभं राहतं. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण होऊन हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून हे प्रकरण घडलं, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे आणि त्याचा निकाल न्यायालय देईल. पण या घटनेने एक गोष्ट महाराष्ट्रापुढे आणली. जमिनीचे करार, रस्त्याचा मोबदला, स्थानिक ठेके यांचा हिशोब जिथे उघड नसतो, तिथे दलाल आणि गुंड शिरतात. मान्यताप्राप्त पात्यांची यादी जशी सरकारी वेबसाइटवर असते, तसे गावाशी झालेले करारही ग्रामसभेत वाचता यायला हवेत. पात्याच्या गोंदाएवढीच ही ओळही भार पेलणारी आहे.

तुम्हाला करून बघायचंय?

इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी एक चांगली बातमी. एनआरईएलनेच तयार केलेलं ओपनफास्ट हे टर्बाइन सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. वर सांगितलेल्या ५ मेगावॅट टर्बाइनची फाइलही मिळते. हवेची घनता १.२२५ च्या जागी १.०९ टाका आणि वीज किती घटते ते बघा. पीळ दोन अंशांनी बदला, टोक किती वाकतं ते बघा. सोबत काच-तंतूचं थोडं कापड आणि राळ घेऊन हाताने एक छोटी पट्टी बनवा आणि ती तुटेपर्यंत वाकवा. कुठे तुटली ते नीट पाहा. बहुतेक वेळा जिथे सुरकुती राहिली असेल, तिथेच.

नियम आला की मागणी तयार होते. कौशल्य तयार होत नाही, ते शिकावं लागतं. पात्याची यादी दिल्लीत ठरली, त्या यादीतल्या कंपन्यांना माल आणि माणसं कोण पुरवणार हे अजून ठरायचंय. करमाडच्या पट्ट्याने आत्ता तयारी केली नाही, तर पाती आपल्या माळावर फिरतील आणि त्यांचं सगळं काम दुसऱ्या राज्यात होईल.